मधली वीस वर्षे

एकाच माणसाचे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणि खेळाच्या पानावर एकाच वेळी येण्याचे प्रसंग थोडे. बहुधा ते आनंदाचे असतात. कुणी विश्वविजेता होतो, कुणी ऑलिंपिकचे पदक घेऊन येतो. जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात मात्र एक नाव असे दोन्हीकडे आले आणि दोन्हीकडे ते मृत्यूच्याच बातमीत होते. सुभेदार मेजर फतेह सिंग. पठाणकोटच्या हवाई तळावर २ जानेवारीच्या पहाटे जो दहशतवादी हल्ला झाला त्यात सुरक्षा दलांचे सात जण कामी आले. त्यांपैकी ते एक. पहिल्या पानाने सांगितले, की ते डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान होते. खेळाच्या पानाने सांगितले, की १९९५ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या राष्ट्रकुल नेमबाजी स्पर्धेत या माणसाने भारतासाठी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकले होते.

सुवर्णपदक १९९५ चे. ते साऱ्या देशाला कळले २०१६ मध्ये, आणि तेही माणूस गेल्यावर. या दोन तारखांच्या मधली जी वीस वर्षे आहेत, त्यांच्याविषयी मला आज लिहायचे आहे. पदकाच्या दिवशी टाळ्या वाजवायला आपल्याला येतात. शवपेटीवर तिरंगा पाहिला की आपले डोळे भरून येतात, आणि ते खोटे नसते. पण या दोन दिवसांच्या मध्ये माणूस जगत असतो, नोकरी करत असतो, फाटकावर उभा असतो. त्या काळात तो आपल्याला दिसत नाही.

फतेह सिंग पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. डोग्रा रेजिमेंटचे सैनिक. गेले तेव्हा वय एक्कावन्न. म्हणजे दिल्लीच्या स्पर्धेच्या वेळी ते तिशीचे होते. नेमबाजाच्या दृष्टीने हे उत्तम वय. हाताला स्थैर्य आलेले असते, डोळा अजून शाबूत असतो आणि मनाची उतावीळ थोडी शमलेली असते. त्यांचा प्रकार होता ‘बिग बोअर’, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल. आज आपण दूरदर्शन संचावर जी नेमबाजी पाहतो ती ही नव्हे, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत.

ऑलिंपिकमध्ये रायफलीचे जे प्रकार चालतात ते दोन अंतरांवरचे. दहा मीटरवर एअर रायफल; तिथे दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पन्नास मीटरवर लहान काडतुसाची रायफल; तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. बिग बोअरची अंतरे मात्र तीनशे मीटरपासून पुढे जातात. तीनशे मीटर म्हणजे फुटबॉलची जवळजवळ तीन मैदाने एकापुढे एक ठेवावीत एवढे अंतर. त्या टोकाला दहा गुणांचे वर्तुळ शंभर मिलिमीटरचे. चहाच्या बशीपेक्षाही लहान. मध्ये वारा आहे, ऊन आहे, तापलेल्या जमिनीवरून उठणारी झळ आहे. रायफलीचा दणका खांद्यावर बसतो, आवाजाने कान बधिर होतात. आणि हे एकदा नव्हे, डावभर पुन्हा पुन्हा करायचे.

ऑलिंपिकमध्येही तीनशे मीटरची रायफल होती. १९७२ च्या म्युनिकनंतर ती वगळली. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. एवढे लांब मैदान, त्यामागे गोळ्या अडवणारा एवढा मोठा मातीचा बांध, आणि एवढी महागडी काडतुसे कोणत्या गावाला परवडणार? आपल्याकडे तर अशी मैदाने आणि अशा रायफली असतात त्या लष्कराकडे, निमलष्करी दलांकडे आणि पोलिसांकडे. साहजिकच हा खेळ छावणीच्या कुंपणाआड राहिला. तिथले विजेते पलटणीत मोठे असतात, त्यांच्या नावाने ‘बडा खाना’ होतो, पण छावणीच्या फाटकाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. पुण्यात गोळीबार मैदान म्हटले की आपल्याला चौक आठवतो, बसचा थांबा आठवतो. या नावामागे नेम धरणारी माणसे होती, हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यातलाच हा प्रकार.

आणि काळही तसाच होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे नेमबाजी म्हटली की एकच नाव, जसपाल राणा. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले, की पिस्तूल हा खेळ असतो. बाकी घराघरांत क्रिकेट. त्याच १९९४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यासाठी बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. पुणेकर सहकुटुंब ती पाहायला गेले. आमच्याही घरून डबे घेऊन सगळे गेलो होतो. पण त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी अथेन्सला रौप्यपदक जिंकले तेव्हा कुठे हा खेळ घरात शिरला. राठोड लष्करी अधिकारी. २०१२ मध्ये लंडनला रौप्य मिळवणारे विजय कुमार लष्करी जवान आणि तेही डोग्रा रेजिमेंटचेच. फतेह सिंगांच्या रेजिमेंटच्या नावावर ऑलिंपिकचे पदक लागले त्या दिवशी ते हयात होते. त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना मी कादंबरीकार असूनही करणार नाही. तो त्यांचा खाजगी आनंद होता.

लष्करातून निवृत्त झाल्यावर ते डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये दाखल झाले. हे दल १९४७ साली स्थापन झाले. संरक्षण खात्याच्या कारखान्यांना, दारूगोळ्याच्या कोठारांना, विमानतळांना पहारा देणे हे त्याचे काम. त्यात प्रामुख्याने असतात ते निवृत्त सैनिकच. एकदा गणवेश उतरवून पेन्शन घेतलेली, पण घराची जबाबदारी संपली नाही म्हणून पुन्हा गणवेश चढवलेली माणसे. आपल्या खडकी-देहूरोडच्या बाजूला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी ही चाळिशी-पन्नाशीची, किंचित जडावलेली, पण पाठ ताठ ठेवून उभी असलेली माणसे पाहिली असतील.

आपले लष्कर तरुण ठेवावे लागते. शिपाई पस्तीस-चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. ज्या वयात आमच्यासारख्यांना अधिकाऱ्याची पहिली बढती मिळते, मुलांच्या शाळेची फी वाढू लागते आणि घराच्या कर्जाचा अर्ज भरला जातो, नेमक्या त्या वयात त्याची नोकरी संपते. मग दुसरी नोकरी. सरकारी बँकांमध्ये माजी सैनिकांसाठी लिपिक वर्गात साडेचौदा टक्के आणि शिपाई वर्गात साडेचोवीस टक्के आरक्षण असते, ते याच कारणाने. बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला माणूस बहुधा असाच असतो. मी तीन दशकांहून अधिक काळ बँकेत काढला. या माणसांना मी रोज पाहिले आहे, त्यांच्याबरोबर रोकड घेऊन जीपमधून फिरलो आहे, आणि फतेह सिंगांची बातमी वाचली तेव्हा मला त्यांतलाच एक माणूस आठवला.

१९९६-९७ च्या सुमारास मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमचा पहारेकरी सातारा जिल्ह्यातला, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. सगळे त्यांना ‘फौजी’ म्हणत. वर्षातून एकदा बँकेच्या पहारेकऱ्यांचा गोळीबाराचा सराव असे. पोलिसांच्या मैदानावर आजूबाजूच्या शाखांचे पंधरा-वीस पहारेकरी जमायचे, प्रत्येकाला पाच काडतुसे मिळायची, समोर पुठ्ठ्याचे लक्ष्य. बहुतेकांच्या दृष्टीने तो एक सहलीचा दिवस. धडाधड पाच फैरी झाडायच्या, सही करायची आणि वडापाव खायचा. आमच्या फौजींनी चार फैरी झाडल्या. पाचव्या वेळी बंदूक खांद्याला लावली, काही क्षण तशीच धरली आणि खाली घेतली. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा बंदूक उचलली आणि मग झाडली. रांगेतले बाकीचे हसू लागले. परत येताना मी विचारले, ‘‘फौजी, शेवटच्या वेळी बंदूक अडली होती काय?’’

ते म्हणाले, ‘‘बंदूक न्हाई साहेब. मन हललं व्हतं. हललेल्या मनानं गोळी मारायची नसती.’’

मग हळूहळू कळले, की ते पलटणीच्या नेमबाजी संघात होते, वरच्या पातळीच्या स्पर्धेपर्यंत गेले होते, एक बिल्ला मिळाला होता आणि तो घरी ट्रंकेत आहे. त्या वर्षीच्या त्यांच्या सेवा अहवालात मी या गोष्टीचा उल्लेख केला. वरच्या कार्यालयातून विचारणा आली, की सदर बाब कोणत्या रकान्यात दाखवावी? रकाना नव्हताच. टंकलेखनाच्या वेगासाठी होता, वाहन परवान्यासाठी होता. हातात बंदूक देऊन ज्याला दारात उभे करायचे तो नेम कसा धरतो, हे लिहायला जागा नव्हती. मी शेवटी ‘इतर’मध्ये लिहिले. असो.

फौजींच्या त्या एका वाक्यात हा सगळा खेळ आला आहे, असे मला पुढे नेमबाजीविषयी वाचताना वाटत गेले. नेमबाज काय शिकतो? गोळी झाडायला तर कुणीही अर्ध्या तासात शिकेल. नेमबाज वर्षानुवर्षे शिकतो ते गोळी न झाडायला. श्वास अर्धा सोडून थांबायचे, दोन ठोक्यांमधली शांतता शोधायची, बोट खटक्यावर हळूहळू दाबत न्यायचे आणि मन किंचित जरी हलले तरी सगळे सोडून रायफल खाली घ्यायची. वेळ संपत आलेली असते, शेजारचा झाडून मोकळा झालेला असतो, तरीही खाली घ्यायची. शस्त्र हातात असताना ज्याच्या मनावर शस्त्राची सत्ता चालत नाही, तो नेमबाज.

आता या माणसाला युद्धात नेऊन उभे करा. तिथे काय होते? आपल्याला सिनेमांनी शिकवले आहे, की उत्तम नेमबाज म्हणजे युद्धात उत्तम योद्धा. तो शंभरांना लोळवतो. इतिहास तसे सांगत नाही. ब्रिटनमध्ये हारकोर्ट ओमन्डसेन नावाचा एक नेमबाज होता. एडिंबरोचा. बिस्लेच्या प्रसिद्ध मैदानावरचे ‘किंग्ज प्राइझ’ त्याने १९०१ मध्ये जिंकले. १९०८ च्या लंडन आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये संघाबरोबर रौप्यपदके मिळवली. रायफल आणि नेमबाजी या विषयावर त्याने एका मित्राबरोबर ग्रंथ लिहिला. तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर तो मारला गेला. ते युद्ध तोफांचे होते. चिखलाच्या खंदकात बसलेल्या माणसाचा नेम किती अचूक आहे, हे मैलभर दूरच्या तोफेला विचारायचे कारण नसते. ज्याच्या हातात साऱ्या साम्राज्यातली उत्तम रायफल होती, त्यालाही त्या युद्धाने इतर लाखोंसारखेच गिळले.

पठाणकोटलाही निराळे काही झाले नाही. हल्लेखोर लष्करी पोशाखात आले होते. त्यांच्याजवळ स्वयंचलित बंदुका होत्या, स्फोटके होती. हिवाळ्यातली पहाट, साडेतीनचा सुमार. पहाऱ्याच्या दलाचे पाच जण गेले. त्यांतल्या जगदीश चंद यांनी हाती शस्त्र नसताना एका हल्लेखोराला गाठले, त्याचीच बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि मग स्वतः प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. अशा वेळी वारा कुठला आहे, श्वास किती सोडायचा, मन हलले आहे काय, हे बघायला अवसर नसतो. मैदानावर सगळ्यांना सारखा वेळ मिळतो, सारखे अंतर मिळते, पंच असतो. युद्धात यातले काहीच नसते. म्हणूनच ‘सुवर्णपदकविजेता नेमबाज गोळीला बळी पडला’ या वाक्यात काही जणांना विरोधाभास दिसला तरी मला दिसत नाही. खेळ आणि युद्ध या दोन गोष्टी एकाच हत्याराने होतात, म्हणून त्या एक होत नाहीत.

कुणी विचारील, की पठाणकोटला युद्ध कुठे होते? युद्ध पुकारले नव्हते हे खरे. पण गुरदासपूर आणि पठाणकोट हे सरहद्दीचे जिल्हे. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी ज्या तळांवर पहिले बाँब टाकले त्यांत पठाणकोट होते. २७ जुलै २०१५ रोजी गुरदासपूर जिल्ह्यातल्या दीनानगरच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, आणि मग पाच महिन्यांत हा. आपल्याला इकडे पुण्यात शांततेचा काळ आणि युद्धाचा काळ वेगवेगळे दिसतात. तिकडच्या माणसाच्या आयुष्यात त्यांची सरमिसळ असते. आणि मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पाहिल्यावर आपणही हा फरक फार ठासून सांगू नये.

माझा मुद्दा मात्र मृत्यूचा नाही, आयुष्याचा आहे. ज्या देशाकडे दर्जेदार प्रशिक्षकांची इतकी वाण होती, की अनेक वर्षे बाहेरून माणसे आणावी लागली, त्या देशात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण मिळवलेला नेमबाज पन्नाशीत पहाऱ्याची नोकरी करत होता. पहाऱ्याची नोकरी हलकी आहे, असे मी म्हणत नाही. ती किती जड आहे हे त्या पहाटे दिसलेच. पण या माणसाजवळ जी विद्या होती तिचे काय? महू येथे लष्कराचे नेमबाजी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून उत्तम नेमबाज तयार झाले आणि होतात. ते केंद्र लष्कराच्या गरजेपुरते. निवृत्तीनंतर गावोगाव परतणाऱ्या शेकडो जवानांजवळची ही विद्या ट्रंकेतल्या बिल्ल्यासारखी ट्रंकेतच राहते.

आणि ही केवळ पंजाबची गोष्ट नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पाहा. लष्करात मुष्टियोद्धा म्हणून नाव काढलेले. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. भारताचे हे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. आपल्याच शहरात, आपल्याच बसमध्ये, आपल्याच रांगेत हा माणूस होता. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सुवर्णपदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांत लोक एकमेकांना विचारत होते, हे कोण? पेटकरांचे सुदैव एवढेच, की ते सन्मान स्वीकारायला हयात होते. फतेह सिंगांच्या वाट्याला तेही आले नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पुण्यात रेल्वेत तिकीट तपासनीस, बालेवाडीला सराव करणारा. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी मराठी माणसाच्या गळ्यात ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक पडले. गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत तो खेळत होता तेव्हा मी घरी बसून पाहत होतो. उभ्याने मारताना एकदा त्याने रायफल खाली घेतली, थांबला, पुन्हा उचलली. घरातल्या नातवंडांना वाटले, घाबरला. मला मात्र फौजींचे वाक्य आठवले.

स्वप्निलचे स्वागत झाले, बक्षिसे जाहीर झाली, रेल्वेने बढती दिली. उत्तम झाले. आज कोल्हापूर आणि पुणे ही नेमबाजीची गावे म्हणून ओळखली जातात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण आणले. त्यांच्या आधी अंजली भागवत यांनी एनसीसीच्या छात्रसेनेतून रायफल हाती घेतली आणि सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. हे ‘एनसीसीतून’ महत्त्वाचे आहे. साध्या घरातल्या मुलीच्या हाती रायफल आली ती छात्रसेनेमुळे, म्हणजे पुन्हा लष्कराच्याच दारातून. पण आज हा खेळ भलताच महाग झाला आहे. चांगली एअर रायफल, तो जाडजूड कोट, बूट, छर्रे, प्रशिक्षकाची फी यांची बेरीज कुठल्याही मध्यमवर्गीय बापाने एकदा करून पाहावी. मी बँकवाला असल्याने मला ती चटकन करता येते आणि ती करून झाल्यावर पाणी प्यावेसे वाटते.

मग असे का होऊ नये? प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. निवृत्त होऊन येणाऱ्या प्रत्येक जवानाची नोंद तिथे होते. त्या नोंदीत एक रकाना वाढवावा: कोणता खेळ, कोणत्या पातळीपर्यंत. यात नेमबाज निघतील, मुष्टियोद्धे निघतील, लांब पल्ल्याचे धावपटू निघतील. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत घरटी लष्करात माणूस असलेली गावे आहेत. तिथल्या शाळांत खेळाचे शिक्षक नाहीत म्हणून ओरड असते आणि त्याच गावात आयुष्यभर पलटणीसाठी खेळलेला माणूस शहरातल्या एटीएमच्या बाहेर रात्रभर खुर्चीवर बसायला जातो. या दोन गोष्टी एकत्र आणायला फार पैसा लागत नाही. कुणीतरी यादी करायला हवी आणि कुणीतरी ती वाचायला हवी. शाळेत दहा मीटरची एअर रायफलची जागा एका लांब खोलीत होते. पदक मिळवायला जरूर मोठे प्रशिक्षक हवेत. पण ‘हललेल्या मनाने गोळी मारायची नसते’ हे मुलाला शिकवायला गावातले फौजी पुरेसे आहेत. आणि हे शिकलेले मूल पुढे नेमबाज झाले नाही तरी त्याचे आणि समाजाचे काही बिघडणार नाही. उलट आज चिडून पाहिले तर कोयते निघतात, अशा दिवसांत शस्त्राचा संयम कुणीतरी शिकवायलाच हवा.

पुण्यात घोरपडीच्या बाजूला दक्षिण मुख्यालयाचे युद्धस्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले, १९९८ मध्ये खुले झालेले. शाळांच्या सहली तिथे येतात. मुले रणगाड्यापाशी, विमानापाशी रेंगाळतात आणि शिक्षक त्यांना नावांच्या ओळींसमोर आणून उभे करतात. नाव, हुद्दा, पलटण. दगडावर याहून जास्त कोरता येत नाही, हे मान्य. पण त्या प्रत्येक नावाला एखादा छंद होता, एखादा खेळ होता, एखादी गोष्ट तो इतरांपेक्षा फार चांगली करत होता. कुणी बासरी वाजवत असेल, कुणाची आंब्याची कलमे हमखास जगत असतील. आपण त्यांना हौतात्म्याच्या एका दिवसाने मोजतो आणि उरलेले पन्नास वर्षांचे आयुष्य त्या एका दिवसाखाली झाकून टाकतो. आदर म्हणूनच करतो, पण झाकतो.

युक्रेनमध्ये २०२२ पासून युद्ध भडकले आहे. त्यात मारल्या गेलेल्या खेळाडूंच्या याद्या तिथले लोक करत आहेत. त्यांत नेमबाजही आहेत. या यादीत माणसाचे नाव, खेळ आणि तो कुठे, काय जिंकला होता हे असते. मला ही पद्धत आवडली. मरण कसे आले यापेक्षा तो कशासाठी पहाटे उठत होता, हे तिथे आधी येते.

आपल्याला युद्धे थांबवता येणार नाहीत; निदान या लेखाने तर नाहीच. पण पुढच्या रविवारी बँकेच्या, कारखान्याच्या किंवा आपल्या सोसायटीच्या फाटकावर पाठ ताठ ठेवून बसलेला एखादा पन्नाशीचा माजी सैनिक दिसला, तर नमस्कारापाठोपाठ एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘‘पलटणीत कोणता खेळ खेळत होता तुम्ही?’’ बरोबर मुलांना घेऊन विचारा. दहांपैकी नऊ जण लाजून हसतील. एखादा घरी जाऊन ट्रंक उघडील. फतेह सिंगांना हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता तर पठाणकोटची ती पहाट टळली नसती. पण मधली वीस वर्षे अशी कोरी गेली नसती, एवढे नक्की.